गोकस्टॅड जहाजाचं लाकडी किट: फळ्या झकास, आकडे गंडलेले

फोर्टातल्या हॉबीच्या दुकानात 4,800 रुपयांना मिळणारं हे 1:50 मापाचं किट. खोक्यावर नाव गोकस्टॅड या वायकिंग जहाजाचं (वायकिंग म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी), चित्रात मात्र नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, ड्रॅगनचं तोंड. नॉर्वेत 1880 साली उकरून काढलेल्या मूळ जहाजाचे दोन्ही शेंडे कुजून गेले होते, त्यामुळे तोंड ही निव्वळ कल्पना. तो तुकडा डब्यातच राहू द्या.

खरी मजा बाहेरच्या फळ्यांची. वायकिंग जहाजात वरची फळी खालचीवर चढते, अगदी कौलांसारखी. मुळात हे सांधे लोखंडी रिव्हेटनी पक्के करत आणि मधे डांबरात भिजवलेली लोकर भरत. किटच्या पट्ट्या 1 मिलिमीटर जाड, चढ दीड मिलिमीटर. गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवायच्या, कपड्यांच्या चिमट्यांनी सांगाड्यावर अडकवून रात्रभर सुकवायच्या, मगच फेविकॉल. ओल्या चिकटवल्या तर सुकताना आक्रसतात आणि चढ उघडा पडतो. एक पट्टी डावीकडे, लगेच एक उजवीकडे. एकच बाजू आधी संपवली की पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, पिळतो. मग कितीही घासा, सरळ होत नाही.

आता हिशेब. मूळ जहाजाला एका बाजूला 16 फळ्या, किटमध्ये 12. हा आकडा ओसेबर्ग या दुसऱ्या वायकिंग जहाजाचा! तेही चालवून घेऊ, पण ढाली फक्त 32? मुळात 64 होत्या, वल्ह्याच्या प्रत्येक भोकाला दोन, अर्ध्या एकमेकींवर, एक काळी एक पिवळी. उरलेल्या 32 ढाली 1 मिलिमीटरच्या पुठ्ठ्यातून 19 मिलिमीटर व्यासाच्या कापाव्या लागतात. वल्ही 32 आहेत, पण सगळी 117 मिलिमीटरची. मूळ वल्ही 5.3 ते 5.85 मीटर होती. दोन्ही टोकांना काठ उंच होत जातो, म्हणून तिथली लांब. मधली कापून 106 मिलिमीटरवर आणा.

सुकाणू उजवीकडेच लावा. सूचनापत्रातलं चित्र उलटं छापलंय. अहो, जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत म्हणतात तो ‘स्टारबोर्ड’ हा शब्दच सुकाणूच्या त्या बाजूवरून आला!

पावसाळ्यात घेतलंत तर पट्ट्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत फुगलेल्या पट्ट्या चिकटवल्या, तर सांधे दिवाळीनंतर उघडतात.