आधी क्लास डायग्राम की सिक्वेन्स डायग्राम?

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करताना हा प्रश्न आम्हाला पडला. यूएमएल २.५ मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा काढायच्या प्रमाण चित्रभाषेत, १४ प्रकारच्या आकृत्या आहेत, पण आम्हाला रोज लागल्या त्या या दोनच.

क्लास डायग्राम म्हणजे सांगाडा. शेतकरी, गोणी, पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी विक्रीच्या हिशेबाची पावती), खरेदीदार असे चौकोन; प्रत्येक चौकोन म्हणजे एक क्लास, त्यात गुणधर्म आणि क्रिया. चौकोन जोडणाऱ्या रेषेच्या टोकाला १ किंवा १..* (एक किंवा अधिक) लिहिलं की एका पट्टीत किती गोणी येतील ते पक्कं होतं. डेटाबेसची बांधणी यावरून सोपी जाते. मात्र आधी काय, मग काय, हे त्यात कळत नाही.

सिक्वेन्स डायग्राममध्ये वेळ वरून खाली सरकते आणि आडवे बाण म्हणजे एका ऑब्जेक्टने (क्लासवरून बनलेल्या प्रत्यक्ष वस्तूने) दुसऱ्याला दिलेले निरोप. आम्ही ती वहीच्या पानावर काढून शेठना दाखवली. त्यांनी ‘वजन’ आणि ‘पट्टी’ यांच्या मधोमध बोट टेकवलं: “अहो, हमाली-तोलाई कापल्याशिवाय पट्टी कशी फाडणार?” ‘कपात’ हा क्लास आमच्या सांगाड्यात नव्हताच!

क्लासचे चौकोन बघून शेठ नुसती मान डोलवत होते. म्हणून गिऱ्हाईक समोर असेल तर मी आधी सिक्वेन्सच काढते. क्लास डायग्राम त्यानंतर, ऑफिसात बसून.