पीसीओएस, वजन आणि मेटफॉर्मिन: बरेच महिने घेतल्यानंतरचा अनुभव

मेटफॉर्मिन सुरू करून आता बरेच महिने झालेत, सुरुवातीची धाकधूक गेलीये आणि सुरुवातीचा उत्साहही ओसरलाय, त्यामुळे आता लिहिलेलं जरा कामाचं ठरेल असं वाटतं. पीसीओएस (ओव्हरीचा आणि हार्मोन्सचा, पाळी बिघडवणारा त्रास) आहे, वजन जागचं हलत नाही आणि डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिलीये, अशा सगळ्याजणींसाठी. आधीच सांगते, वजन उतरवायची गोळी म्हणून हिच्याकडे बघू नका. त्या आशेने सुरू केलीत तर काटा बघून बघून वैतागाल आणि खरा फायदा दिसायच्या आतच सोडून द्याल.

"मला शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?" हा प्रश्न मलाही पडला होता. गोळी टाइप २ डायबेटिसचीच, १९५७ पासून वापरात असलेली, पीसीओएससाठी डॉक्टर ती ऑफ-लेबल, म्हणजे अधिकृत मंजुरी ज्या आजारासाठी आहे त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी देतात. होतं काय, की आपल्यातल्या बऱ्याचजणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग शरीर जास्त इन्सुलिन सोडून काम भागवतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये शुगर नॉर्मल येते आणि सगळे म्हणतात काही झालेलं नाही. पण ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन्स, बनवायला लावतं, शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रोटीन लिव्हरमध्ये कमी बनतं. हनुवटीवरचे केस, पिंपल्स, लांबणारी पाळी, पोटावर चढणारं वजन, यात बराचसा हात त्याचाच. हे मला समजावून सांगणारी डॉक्टर फार उशिरा भेटली, त्याआधी एकीने रिपोर्ट न उघडताच "वजन कमी कर मग ये" म्हणून परत पाठवलं होतं. त्याचा राग अजून आहे. ज्या त्रासामुळे वजन उतरत नाही त्याच त्रासावर उपाय म्हणून वजन उतरव सांगायचं, याला काय अर्थ आहे?

आता गोळीबद्दल. पहिले काही आठवडे पोटाचे हाल होतात, मळमळ, जुलाब, तोंडाला विचित्र चव, सगळं. म्हणूनच डोस कमीपासून, बहुतेक वेळा ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. साधी गोळी झेपत नसेल तर डॉक्टरांना एक्सटेंडेड रिलीजचं, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीचं विचारा, मला त्यावर बदलल्यावर खूप फरक पडला. ती जेवणाबरोबर घ्यायची, तोडायची किंवा चावायची नाही. पाकीट उघडल्यावर माशासारखा वास येतो, गोळी खराब नसते, मेटफॉर्मिनचा वासच तसा. आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, काही एक्सटेंडेड रिलीज गोळ्यांचं मऊ टरफल शौचात अख्ख्या गोळीसारखं दिसतं. बघून घाबरू नका, औषध आत गेलेलं असतं, नुसतं कवच बाहेर येतं.

फायदा काय झाला? माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा म्हणजे ती अचानक येणारी भूक शांत झाली. पोटभर जेवून तासाभरात हातपाय गळल्यासारखं होऊन गोड शोधत फिरायचं, ते बरंच थांबलं आणि मग खाण्यापिण्याचं काही ठरवलं तर ते पाळता यायला लागलं. सगळ्याजणींना असंच होईल असं नाही. पाळीही हळूहळू सुधारली, त्याला काही महिने गेले. वजन मात्र थोडंच उतरलं, आणि नुसत्या गोळीने बहुतेकजणींचं थोडंच उतरतं.

काटा खऱ्या अर्थाने हलला तो वजनं उचलायला लागल्यावर. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फार मदत न घेता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणजे जिथे आपलं दुखणं आहे तिथेच हा व्यायाम लागू पडतो. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस गाइडलाइनमध्ये वजन वाढू नये म्हणून आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि त्याशिवाय सलग नसलेल्या दोन दिवशी स्नायूंचा व्यायाम असं सांगितलंय. त्यातच हेही आहे की पीसीओएससाठी अमुक एक डाएट दुसऱ्यापेक्षा सरस असं सिद्ध झालेलं नाही. हे वाचून मला इतकं हलकं वाटलं! कार्ब्स बंद, दूध बंद, हे बंद ते बंद, यात मी किती वर्षं जीव टांगणीला लावला होता. आता दर जेवणात प्रोटीन, फायबर आणि वेळेवर झोप, एवढंच बघते.

काट्यापेक्षा मेजरिंग टेपवर विश्वास ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. पाळीच्या आधी पाणी साठून काटा उगाच वर जातो, तेव्हा तर बघूच नका. आणि टार्गेट अवाच्या सवा नको, ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळी आणि इन्सुलिनला फरक पडू शकतो, म्हणजे ८० किलो असाल तर ४ ते ८ किलो.

काळजी घ्यायच्या दोन-तीन गोष्टी. खूप काळ घेतल्यावर व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊ शकतं, मुंग्या येणं किंवा फार थकवा असेल तर तपासून घ्या. सुरू करण्याआधी किडनीची टेस्ट हवीच, आणि खूप उलट्या-जुलाब झाले किंवा डाय देऊन स्कॅन करायचा असेल तर गोळी चालू आहे हे आवर्जून सांगा. शिवाय पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नका, या गोळीने ओव्ह्युलेशन, म्हणजे ओव्हरीतून बीज बाहेर पडणं, परत सुरू होऊ शकतं, मूल इतक्यात नको असेल तर गर्भनिरोधकाचं डॉक्टरांशी पहिल्याच व्हिजिटला बोलून घ्या.