बडोद्यात घर, जेद्दात विमान: चार्टर जेटच्या पायलट-कराराची पारख

मोठ्या जेटवरच्या करारासाठी पायलट पुरवणाऱ्या एजन्सीचा मेल आला की घरात पहिली चर्चा डॉलरची होते. बडोद्यात राहणाऱ्या पायलटनं डॉलरचा आकडा तिसऱ्या नंबरवर ठेवावा. आधी बघायचं, करारात ‘होम बेस’ म्हणून कुठलं गाव लिहिलंय. मग बघायचं, विमान उभं असलेल्या दिवसांचे पैसे कोण देतं. या दोन कलमांवर जोखलं तर बऱ्याच चकचकीत ऑफर पाचात दोनवर येतात, आणि कमी पगाराची एखादी साधी ऑफर चारवर जाते.

धंदा असा चालतो. चार्टर कंपनी दुसऱ्या विमान कंपनीला विमान, क्रू, देखभाल आणि विमा या चार गोष्टी एकत्र भाड्यानं देते. यालाच एसीएमआय किंवा वेट लीज म्हणतात. इंधन, लँडिंग आणि हँडलिंगचा खर्च भाड्यानं घेणाऱ्याचा. हजची गर्दी, युरोपातला उन्हाळा, कुणाचं इंजिन अचानक काढावं लागलं, अशा वेळी ए-३३० किंवा ७४७ काही आठवड्यांसाठी मागवतात. काम हंगामी, म्हणून पायलटही हंगामी, आणि तो पुरवायला मध्ये एजन्सी.

आता होम बेस. युरोपीय नियमांनुसार होम बेस म्हणजे कंपनीनं नेमून दिलेली जागा, जिथे ड्यूटी सुरू होते आणि संपते, आणि जिथे कंपनी सहसा राहायची सोय करत नाही. या व्याख्येतच सगळा खर्च दडलेला आहे. करारात ‘होम बेस: जेद्दा’ असं असेल तर बडोदे ते जेद्दा हा तुमचा खाजगी प्रवास. तिकीट तुमचं, जेद्दातलं हॉटेल तुमचं, तिथला दैनिक भत्ताही बहुधा शून्य. शिवाय हा प्रवास ड्यूटीत मोजला जात नाही. कंपनीच्या सांगण्यावरून प्रवासी म्हणून केलेलं पोझिशनिंग मात्र ड्यूटीत धरतात. म्हणजे स्वतःच्या खर्चानं रात्रभर जागून पोचलेला पायलट कागदावर ताजातवाना असतो आणि त्याला संध्याकाळची फ्लाइट लावता येते. घर होम बेसपासून ९० मिनिटांहून लांब असेल तर जवळ तात्पुरती राहायची सोय करावी, असं तिथलं मार्गदर्शन सांगतं. बडोद्याहून एक्सप्रेसवेनं अहमदाबादचा विमानतळ गाठायलाच दोनेक तास लागतात.

म्हणून एजन्सीकडे मागायचं ते ‘होम बेस्ड’ कंत्राट, म्हणजे घरच्या गावापासूनचा प्रवास कंपनीच्या खात्यावर, आणि त्यात बडोद्याच्या विमानतळाचा कोड, बीडीक्यू, छापून घ्यायचा. एजन्सी पहिल्यांदा ‘गेटवे: मुंबई’ देते, म्हणजे कंपनीचं तिकीट मुंबईपासून. तेही वाईट नाही, पण मग हरणी (बडोद्याचा विमानतळ) ते मुंबईचा टप्पा तुमच्या अंगावर राहतो. हरणीहून सकाळची फ्लाइट वेगळ्या पीएनआरवर काढली आणि ती उशिरा सुटली, तर पुढच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर नो-शो लागतो आणि एजन्सी हात वर करते. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. ते जमत नसेल तर आदल्या दिवशीची रेल्वे बरी. सहारला जायचं तर बोरिवलीला उतरायचं, मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलटं येण्यात अर्थ नाही.

दुसरं कलम गॅरंटीचं. ब्लॉक अवर म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा उभं राहीपर्यंतचा वेळ. समजा एका ऑफरमध्ये महिन्याला ६५ तासांची गॅरंटी आणि १३,००० डॉलर आहेत, दुसऱ्यात गॅरंटी नाही पण तासाला २६० डॉलर. ६५ तास उडालात तर दुसरीत १६,९०० मिळतात. पण ३० तासच झाले तर ७,८००, आणि पहिलीत तेव्हाही १३,००० चालूच. हजच्या कंत्राटात तीस तासांचा महिना ही नेहमीची गोष्ट आहे. यात्रेकरू नेण्याची एक लाट असते, आणण्याची दुसरी, आणि मधल्या दिवसांत विमान कुठेतरी पार्क केलेलं असतं. ती खाच गॅरंटीनं भरून निघते.

याच हंगामातली दुसरी मेख रिकाम्या फेऱ्यांची. पहिल्या लाटेत विमान भरून जातं आणि जेद्दाहून रिकामं परततं. दुसऱ्या लाटेत उलट. रिकामी फेरीही तुम्हीच उडवता, तेवढंच थकता. करारात ‘रेव्हेन्यू ब्लॉक अवर’, म्हणजे फक्त कमाईच्या फेऱ्यांचे तास, असा शब्द असेल तर त्या तासांचे पैसे गेले. ‘रिकाम्या फेऱ्यांसह सर्व ब्लॉक अवर’ असं लिहून घ्या. गॅरंटीच्या वरच्या तासांचा दरही तपासा. वरच्या उदाहरणात मूळ दर तासाला २०० पडतो, आणि ओव्हरटाइम १०० नं दिला तर जास्तीचं उड्डाण अर्ध्या भावात. अर्धवट महिन्यात गॅरंटी दिवसांच्या प्रमाणात कापतात का, हेही विचारून ठेवावं.

रोस्टर म्हणून २० दिवस काम, १० दिवस सुट्टी हा साचा बराच चालतो. येण्याजाण्याचा दिवस कोणत्या खात्यात पडतो ते बघा. सुट्टीतून गेला तर हातात आठच दिवस उरतात. आणि इथे आयकराचा हिशेब लागतो. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या भारतीय नागरिकाला करासाठी अनिवासी राहायचं तर भारतातल्या मुक्कामाला वर्षात १८२ दिवसांची मर्यादा असते. पण बाहेर स्थायिक होऊन इथे येत-जात राहणाऱ्याचं भारतातलं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, शेअर मिळून, १५ लाखांवर गेलं तर ती रेषा १२० दिवसांवर येते, आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल तर. महिन्याला १० दिवस घरी म्हणजे वर्षाचे बरोबर १२०. रावपुऱ्यात दोन दुकानं भाड्यानं दिलेल्या माणसानं हा गुणाकार सीएसमोर बसूनच करावा. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजणीत धरून चालावं.

लायसन्सची बाजू एजन्सी सहज सांगत नाही. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाचं लायसन्स किंवा मान्यता लागते. माल्टा किंवा आइसलंडच्या नोंदणीवरचं विमान असेल तर युरोपीय नियम. भारतीय एटीपीएलला (विमान कंपनीच्या पायलटचं सर्वोच्च लायसन्स) तिथे तात्पुरती मान्यता मिळू शकते, कायमच्या रूपांतरासाठी थिअरीच्या परीक्षांना बसावं लागतं. अमेरिकी नोंदणी असेल तर तिथे काम करण्याचा हक्क लागतो, तो नसेल तर पुढचं वाचूच नका. कुठेही जा, डीजीसीएकडून, म्हणजे भारताच्या नागरी विमान महासंचालनालयाकडून, लायसन्सची पडताळणी मागवली जाते. ईजीसीए या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज आधीच टाकावा. पायलटच्या इंग्रजी परीक्षेत लेव्हल ४ असेल तर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, ५ ला सहा वर्षांनी, ६ ला नाही. करार सही करायच्या आठवड्यात ही तारीख संपलेली निघते, असं वरचेवर होतं.

पासपोर्ट ६० पानांचाच काढा. विमान चालवत उतरलात तर बऱ्याच देशांत क्रू कार्ड आणि जनरल डिक्लरेशनवर (क्रूची नावं असलेला फ्लाइटचा कागद) प्रवेश मिळतो. तेच तुम्ही प्रवासी म्हणून पोझिशनिंगला गेलात तर साधा व्हिसा लागतो, आणि ही चूक चेक-इन काउंटरवर उघडी पडते. आफ्रिकेतलं कंत्राट असेल तर यलो फीवरची लस अधिकृत केंद्रातच, निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. दाखला आता आयुष्यभर चालतो. तो नसेल तर त्या देशांतून परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन.

दोन हंगामांमधला रिकामा काळ पायलटला सगळ्यात महाग पडतो. प्रवासी घेऊन उडायला गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग लागतात, आणि वर्षातून दोनदा सिम्युलेटरवर प्रोफिशियन्सी चेक. करार संपला की एजन्सीची जबाबदारी संपते, तारखा मात्र पुढे सरकत राहतात. बऱ्या एजन्सी ‘पुढच्या करारापूर्वीचं रिकरंट (उजळणीचं) प्रशिक्षण ऑपरेटरच्या खर्चानं’ असं लिहून देतात. टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) त्यांच्या पैशानं होणार असेल तर बाँड, म्हणजे आधी सोडलं तर खर्च परत करण्याची अट, येतोच. तो महिन्यागणिक कमी होणारा हवा, आणि कंपनीनं करार आधी संपवला तर रद्द होणारा. स्वतःच्या पैशानं रेटिंग करायचं असेल तर ७४७ चा मोह आवरा. शेवटचं, १,५७४ वं ७४७ बोइंगनं ३१ जानेवारी २०२३ ला ॲटलास एअरला दिलं. मागणी अजून आहे, पण ताफा घटणार आहे. ए-३३० किंवा ७७७ ला पुढे जास्त दारं उघडी राहतात.

पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. मेडिकल (तब्येतीचा दाखला) गेलं की त्याच दिवशी उत्पन्न बंद, म्हणून लॉस ऑफ लायसन्सचा विमा स्वतःचा घ्यावा. एजन्सीचा ग्रुप विमा करारापुरताच असतो. घरकर्जाला बँक फॉर्म १६ मागते आणि तुमच्याकडे इन्व्हॉइस असतात. कर्ज काढायचं असेल तर नोकरी सोडायच्या आधी काढून ठेवा.

एजन्सी भारतीय असेल तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तिची नोंद बघा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. पायलट पुरवणाऱ्या चांगल्या एजन्सी तेही घेत नाहीत, त्यांचं कमिशन विमान कंपनीकडून येतं. ‘सिम्युलेटर स्लॉटची अनामत’ म्हणून कुणी लाख-दोन लाख मागितले तर बोलणं तिथेच थांबवावं.

सध्या भारतीय कंपनीत असाल तर आणखी एक आकडा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं कॅप्टनला १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. एजन्सीला पायलट महिन्याभरात हवा असतो. ऑफर लेटरमध्ये रुजू होण्याची तारीख नोटीस संपल्यानंतरची नसेल, तर राजीनामा टाकू नये.