व्हायब्रम फाइव्हफिंगर्स: बुटाला बोटं फुटली तर

मोजे असावेत की बूट, असा प्रश्न पडावा असं हे पायताण आहे. पाचही बोटांना वेगवेगळे कप्पे, खाली पातळ रबर, वर ताणणारं कापड. ‘फाइव्हफिंगर्स’ हे नाव ऐकून इंग्रजीवाले चक्रावतात, कारण त्यांच्याकडे हाताच्या आणि पायाच्या बोटांना वेगळे शब्द आहेत. मराठीत आणि तसंच इटालियनमध्ये हाता-पायाच्या दोन्ही बोटांना एकच शब्द चालतो, आणि बूट इटलीचा आहे.

कल्पना रॉबर्ट फ्लिरी या इटालियन डिझायनरची, १९९९ मधली. ती उचलली व्हायब्रमने. ही मुळात सोल बनवणारी कंपनी. तिचा संस्थापक, गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी, याचे सहा सोबती १९३५ मध्ये डोंगरात दगावले, तेव्हापासून त्याने रबरी सोलचा ध्यास घेतला. १९५४ मध्ये के-टू पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या बुटांखाली त्याचेच सोल होते. बोटांचा बूट बाजारात आला तो २००५-०६ च्या सुमारास, आणि तोही पळणाऱ्यांसाठी नव्हे, तर ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांसाठी. पळणाऱ्यांनी तो नंतर आपलासा केला.

आज मॅरेथॉनच्या बुटात टाचेखाली ४० मिमीपर्यंत फोम चालतो. इथे रबर आणि आतला पातळ थर मिळून जेमतेम चार-पाच मिमी, आणि टाच-चवडा एका पातळीत. त्यामुळे टाच आपटून पळणं अवघड होतं. ती दुखू लागते आणि बऱ्याच जणांचा पाय चवड्यावर पडू लागतो, पावलं आखूड आणि झपझप होतात. बुटाची सगळी करामत एवढीच. पण टाचेवरचा भार नाहीसा होत नाही, तो पोटरीवर, घोट्यामागच्या जाड शिरेवर (अकिलिस टेंडनवर) आणि चवड्यातल्या लांब हाडांवर सरकतो.

जाहिरातीत ही गोष्ट सोयीने गाळली गेली. ‘पायाचे स्नायू बळकट होतात, दुखापती घटतात’ या दाव्यांवरून अमेरिकेत २०१२ मध्ये ग्राहकांनी खटला भरला. २०१४ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली. त्याआधी २०१३ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अभ्यासात ३६ अनुभवी धावपटूंचे पाय एमआरआयखाली तपासले होते. दहा आठवडे हळूहळू सराव वाढवत हे बूट घातलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. नेहमीचे बूट घालणाऱ्या १७ जणांत असा एकच निघाला. म्हणून हा बूट पायाच्या व्यायामाचं साधन म्हणून घ्यावा, औषध म्हणून नाही.

माप हा या खरेदीतला सर्वांत नाजूक भाग. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करून सेंटिमीटरमध्ये अंतर मोजायचं आणि मोठ्या पायाचा आकडा कंपनीच्या तक्त्यात पाहायचा. मोजणी संध्याकाळी करावी, तोवर पाय थोडा फुगलेला असतो. आपल्याकडे बुटाचा नंबर म्हणजे यूके नंबर, या डब्यावर मात्र युरोपीय आकडा ठळक असतो. अंदाजाने रूपांतर केलं की बूट परत पाठवायची वेळ येते. पळण्याच्या बुटात पुढे अंगठाभर जागा सोडायची आपली सवयही इथे नडते: कप्प्याचं टोक रिकामं राहिलं तर ते दुमडतं आणि अडखळायला होतं. फार घट्ट घेतला तर नखं काळी पडतात. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब असणारे बरेच असतात, त्यांनी त्या बोटाच्या कप्प्यावर निर्णय घ्यावा. दोन बोटं जन्मतः जोडलेली असतील किंवा अंगठा आत फार वळलेला असेल, तर हा विषयच सोडून द्यावा.

पहिल्यांदा घालताना पाचेक मिनिटं जातात. पट्टा किंवा दोरी पूर्ण सैल करायची, बसून तळवा जमिनीवर सपाट ठेवायचा. टाच बाहेरच ठेवून पाय पुढे सरकवायचा, आधी अंगठा बसवायचा, मग एकेक बोट. करंगळी हमखास शेजारच्या कप्प्यात घुसते, तिला हाताने वेगळं करावं लागतं. पाचही टोकाला पोचली की मगच टाच ओढून घ्यायची. उलट्या क्रमाने केलं तर बोटं वाकडी बसतात आणि दोन किलोमीटरवर बोटांमधल्या शिवणीने कातडं सोलतं. आठवड्याभरात हे काम अर्ध्या मिनिटावर येतं.

मॉडेल अनेक आहेत, पण दोघांतच निवड करावी. केएसओ इव्हो जिम, स्क्वॉट-डेडलिफ्ट आणि सपाट रस्त्यासाठी. टाचेखाली दबणारं काही नसल्यामुळे वजन उचलताना पाय ठाम राहतो, आणि या एका कामात त्याला तोड नाही. डोंगरासाठी व्ही-ट्रेल: सोल मेगाग्रिप रबराचा आणि त्यात टोकदार खड्यांचा दाब पसरवणारी जाळी. तरी सह्याद्रीतल्या उतारावरच्या सुट्या मुरुमावर टाच रोवता येत नाही, कारण रोवायला कडक टाचच नाही. सुक्या कातळावर पकड झकास, पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर कुठलंच रबर भरवशाचं नाही. करंगळी दगडाला ठेचली तर वाचवणारं पुढे काही नाही. काटा बाभळीचा असेल तर तो आरपार येतो, हे गृहीतच धरावं.

सुरुवात अशी करावी. पहिले दोन आठवडे फक्त घरात आणि सोसायटीच्या आवारात चालणं, रोज तासभर. मग एका दिवसाआड नेहमीच्या अंतराच्या दहा टक्के पळणं. पाच किलोमीटर पळत असाल तर पाचशे मीटर. उरलेलं नेहमीच्या बुटात. पोटरी दोन दिवस भरून येणं साहजिक आहे. चवड्याच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ आली तर मात्र तो स्नायू नव्हे, हाड असू शकतं. तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी हा बूट घालूच नये, कारण टोचलेलं त्यांना कळत नाही.

वास हा याचा कुप्रसिद्ध दोष. घाम थेट कापडात मुरतो. बोटांचे मोजे घालावेत, नाहीतर चार-पाच वापरांनंतर धुवावा: थंड पाणी, सौम्य साबण, मशीन असेल तर हळुवार चक्र, आणि वाळवणं सावलीत. ड्रायर किंवा कडक उन्हाने चिकटवलेले जोड सुटतात. पावसाळ्यात तो रात्रभरात पुरता सुकत नाही. ओलाच पुन्हा चढवला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. एकाच जोडावर जुलै काढणं शक्य नाही.

नकली माल जुनाच आहे. अस्सल सोलवर पिवळा अष्टकोनी शिक्का असतो, पण तोही छापता येतो. म्हणून सोल वाकवून पाहावा: प्रत्येक बोटाचं रबर वेगळं वाकलं पाहिजे. अख्खा सोल एकदम फळीसारखा वळला तर खाली ठेवून द्यावा.

दिसण्याबद्दल वेगळं लिहायला नको. अमेरिकेच्या सैन्याने २०११ मध्ये व्यायामाच्या गणवेशासोबत बोटांचे बूट घालायला मनाई केली, ती लष्करी रुबाबाला शोभत नाहीत म्हणून. आणि अनवाणी पळण्याचा दाखला म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी पळून सुवर्ण जिंकलं हे खरंच. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पळाला आणि तीन मिनिटांनी वेगवान ठरला. मार्ग वेगळा होता, हवामान वेगळं होतं, पण दुकानदार ही दुसरी शर्यत सांगत नाहीत.