चैती की एडवर्ड? अंगणातल्या सुगंधी गुलाबासाठी एक कौल

दांडा हातभर आणि वास शून्य अशा फुलांना तुम्ही कंटाळला आहात आणि जुना, वासाचा, झुडपासारखा वाढणारा गुलाब लावायचं ठरवलं आहे, असं मी धरून चालतो. ऊन किती, खड्डा केवढा, शेणखत कुजलेलंच का, हे तुम्हाला सांगायला नको. प्रश्न उरतो झाडाचा. पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात, अंगणात एकच मोठं झुडूप मावणार असेल, तर माझ्या मते निवड दोघांतच आहे. एक चैती, म्हणजे अत्तराचा दमास्क गुलाब. दुसरा एडवर्ड, जो बऱ्याच रोपवाटिकांत नुसता 'गावठी' किंवा 'देशी' म्हणून विकला जातो. आमच्या साताऱ्याच्या घरी दोन्ही वाढले, त्यामुळे खाली जे लिहितो ते आमच्या माती-पाण्यातलं आहे. तुमच्याकडे थोडं वेगळं घडू शकतं.

हे दोघे एकमेकांना परके नाहीत. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट पूर्वी बुर्बाँ नावाने ओळखलं जाई. तिथे शेतांना गुलाबांची कुंपणं असत, एक चिनी गुलाबी जातीचं आणि एक दमास्कचं. त्या कुंपणांत आपोआप संकर झाला, १८२० च्या आसपास त्याचं बी फ्रान्सला गेलं आणि पुढे बुर्बाँ गुलाबांचं घराणंच उभं राहिलं. एडवर्ड त्याच घराण्यातला. वास आईचा, दमास्कचा. पुन्हा पुन्हा फुलायची सवय चिनी बापाची. (आई कोण आणि बाप कोण, हे मी सोयीने ठरवलं आहे.)

वासाला चैती वरचढ, हे आधीच मान्य करतो. मधासारखा गोड, खाली किंचित मसाल्याची झाक, आणि पाकळ्या वाळल्यावरही तो टिकतो. कपाटात पुरचुंडी ठेवली तर पुढच्या हंगामापर्यंत साड्यांना येत राहतो. उगाच का कनौजचे अत्तरवाले हसायन-अलीगढकडच्या शेतांवर अवलंबून असतात? एक किलो तेलाला साधारण साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात आणि तीही पहाटे तोडावी लागतात, कारण ऊन चढलं की तेल उडायला लागतं. लखनौच्या सीमॅपने, म्हणजे औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेने, या गुलाबाची 'नूरजहाँ' नावाची जात काढली आहे. जहांगीरने मात्र आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं श्रेय नूरजहाँच्या आईला दिलं आहे, पण जातीला नाव लेकीचं लागलं. चालायचंच.

एडवर्डचा वास त्यापुढे हलका आहे. गुलाबपाण्याच्या जवळचा, ताजा, दुपारपर्यंतचा. पण सकाळी सातला दार उघडल्यावर तो जोत्यापर्यंत येतो, आणि वर्षातले बरेच महिने येतो. चैतीचा बहर चैत्राच्या आगेमागे येतो आणि तीनेक आठवड्यांत आटोपतो. शिवाय त्याला हिवाळा हवा. थंडी चांगली पडली त्या वर्षी आमचं झाड फांदीफांदीला लगडलं होतं. उबदार हिवाळ्यानंतर इकडे चार आणि तिकडे चार. छाटणीचंही तसंच. बाकीचे गुलाब दसऱ्याच्या सुमारास छाटले की दीडेक महिन्यात फुलतात. चैतीची छाटणी उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत करतात. माळीबुवा एकदा कात्री घेऊन आले की सगळं एका रांगेत उरकतात, तेव्हा चैतीपाशी आपल्याला उभं राहावं लागतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. वर्षातून एकदाच येतो म्हणून आंब्यावर कोण रागावतं? मला नडले ते काटे.

गुलाबाला काटे असायचेच, हे ऐकवू नका. एडवर्डचे काटे मोठे, वाकडे आणि विरळ असतात. दिसतात, त्यामुळे हात आपोआप वळसा घालून जातो. चैतीच्या फांदीवर मोठ्या काट्यांच्या मधे बारीक, सरळ, कुसांसारख्या काट्यांची दाटी असते. फुलाच्या देठापर्यंत ती जाते, आणि फूल तर देठालाच धरून तोडायचं. हे काटे टोचल्याचं त्या वेळी धड कळतही नाही. टोक कातडीत मोडून राहतं आणि संध्याकाळी भाकरी थापताना बोट ठसठसायला लागतं. मग चष्मा, सुई, खिडकीजवळची खुर्ची. मोठा काटा निघाला की सुटका होते. या कुसांचं तसं नसतं, एक काढावं तर शेजारी दुसरं सापडतं.

आमच्याकडे देवाची फुलं आई तोडते. सत्तरी ओलांडली आहे, नजर पूर्वीची राहिली नाही, आणि परडी घेऊन जायची वेळ तीच पहाटेची, अर्ध्या उजेडाची. चैतीच्या बहरात पहिले काही दिवस तिने हौसेने फुलं आणली, मग गुपचूप जास्वंदी-तगरीकडे वळली. विचारलं तर म्हणाली, "तुझा गुलाब देवाला चालतो रे, मला चालत नाही." हातमोजे आणून दिले. हातमोजे घालून देवाची फुलं तोडणं तिला पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नसतं. त्यात चैतीच्या लांब फांद्या कमानीसारख्या वाकून वाटेवर येतात, पदर धरतात. स्वतःच्या मुळावर वाढलेलं झाड असेल तर जमिनीखालून फुटवे काढतं. आमच्याकडे ते फरशीच्या फटीतून वर आले, नेमके मुलं अनवाणी खेळतात तिथे. ज्यांच्या बागेत एकटे जाणते बागवानच फिरतात, त्यांना हा त्रास कदाचित क्षुल्लक वाटेल. घरच्या बागेत लहान-म्हातारे सगळेच वावरतात.

गुलकंदाच्या बाबतीत मात्र माझं मत अजून पूर्ण झुकलेलं नाही. चैतीच्या पाकळ्या एकदम मिळतात, बरणी एका बैठकीत भरते आणि रंग-वास जमून येतो. एडवर्डच्या पाकळ्या रोज मूठभर. आम्ही त्या येतील तशा चिनी मातीच्या बरणीत घालतो, त्यावर खडीसाखरेचा चुरा, पुन्हा दुसऱ्या दिवशीचा थर, आणि तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात. थरांची वयं वेगवेगळी असल्याने मधूनमधून कोरड्या पळीने खालवर करावं लागतं. पण बरणी वर्षातून दोनदा-तीनदा भरते, आणि आमच्या घरी पहिली पौष महिन्यातच तयार असते. मात्र गुलकंदासाठी फवारलेली फुलं नकोत, हे दोघांनाही लागू.

एडवर्डचे दोषही सांगतो, नाहीतर वकिली वाटेल. फूल दुपारपर्यंत ढासळतं आणि पाकळ्यांचा सडा पडतो. झाडलोट करणाऱ्याला तो रोजचा उद्योग. फुलदाणीसाठी तर हे फूल निरुपयोगी. आणि पावसाळा! काळ्या ठिपक्यांनी पानं पिवळी पडतात, श्रावणात झाड जवळजवळ उघडं होतं. पहिल्या वर्षी पाहणाऱ्याला ते मेल्यासारखंच वाटतं. पडलेली पानं उचलून टाकावीत, फांद्यांत हवा खेळेल इतकं मोकळं करावं आणि दसऱ्यापर्यंत धीर धरावा. छाटणीनंतर ते असं फुटतं की मागचं सगळं माफ. चैतीलाही आमच्या पावसात काळे ठिपके आले, त्यामुळे इथे दोघांत फार डावं-उजवं नाही.

जमिनीचं म्हणाल तर चैतीची बाजू थोडी जड आहे. उत्तरेत तो खारवट, चोपण जमिनीतही घेतात. एडवर्ड चुनखडीच्या काळ्या मातीत लवकर फिका पडतो, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. वाफा वीतभर उंच केला, पोयटा आणि मुरूम मिसळला, तर पाणी तुंबत नाही आणि रंगही सुधारतो.

गावानुसार कौल बदलेल. इंदूर-ग्वाल्हेरकडे, दिल्लीला किंवा विलायतेत राहणाऱ्यांनी चैतीच लावावा. थंडी फुकट मिळते आहे तर वाया कशाला घालवायची? विदर्भातही हिवाळा बरा असतो, करून पाहायला हरकत नाही. कोकण-गोव्याच्या पावसात मी दोन्हीपैकी कशाचीच हमी देणार नाही, त्यातल्या त्यात एडवर्ड, तोही उंच वाफ्यात. आणि गडद लालच हवा असा घरच्यांचा हट्ट असेल, तर १८९७ पासून चालत आलेला 'ग्रुस आन टेप्लिट्झ' शोधा. वास छान आहे, फक्त फुलं मान खाली घालून बसतात.

एडवर्ड घेताना फूल पाहून आणि हुंगूनच घ्या, कारण 'देशी' या चिठ्ठीखाली काहीही मिळतं. हीच जात कलमांसाठी खुंट म्हणूनही वापरतात. त्यामुळे ओळखीच्या कुणाकडे वरचं कलम मरून खालचा खुंटच फोफावला असेल आणि फुलं गुलाबी, भरगच्च, वासाची असतील, तर तिथेच पेन्सिलएवढ्या जाड काड्या मागा. पावसाच्या तोंडाला लावल्या की आमच्याकडे बहुतेक जगतात. चैतीचा मोह तरीही सुटत नसेल तर तोही लावा, पण मागच्या कुंपणाला, नळापासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब. त्याची फुलं तोडायचं काम मात्र स्वतःकडे घ्या.