असेटो कोर्सा इव्हो की ले मान्स अल्टिमेट? सोलापुरातून घेणाऱ्यासाठी

बऱ्यापैकी पीसी आहे, कुठून तरी सेकंडहँड स्टीअरिंग व्हील हाताला लागलंय आणि खिशात पैसे एकाच रेसिंग गेमचे आहेत. मग कोणता घ्यायचा? विचारणारे बहुतेक जुळे सोलापूर, विजापूर रोड या पट्ट्यातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, मध्येच एखादा नवी पेठेतलं दुकान बंद करून रात्री खेळायला बसणारा. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

निकाल आधीच सांगतो. गाडी चालवायला आवडत असेल तर इव्हो घ्या, शर्यत खेळायला आवडत असेल तर ले मान्स. ही दोन वेगवेगळी व्यसनं आहेत आणि आपल्याला त्यातलं कोणतं जडणार आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. मग लोक यूट्यूबवर कोणाचा डांबरी रस्ता जास्त चकाकतो ते बघून ठरवतात आणि दोन महिन्यांत व्हील विकायला काढतात.

इव्हो बनवणारी कुनोस सिमुलाझिओनी ही इटलीतली कंपनी, रोमजवळच्या वालेलुंगा ट्रॅकवरची. तिचा पहिला असेटो कोर्सा 2014 चा. तो आजही लोक सोडत नाहीत, कारण त्यात जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेल्या गाड्या आणि ट्रॅक टाकता येतात. 2019 मध्ये कॉम्पेटिझिओने आला, तो फक्त जीटी रेसिंगचा, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा. इव्हो 16 जानेवारी 2025 ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, विक्रीला निघाला. इकडे होम मैदानावर गड्ड्याची जत्रा ऐन भरात होती. तेव्हा त्यात 20 गाड्या आणि 5 ट्रॅक होते आणि ऑनलाइन खेळायची सोयच नव्हती. ऑनलाइन आणि आणखी ट्रॅक नंतरच्या अपडेटमधून येत गेले. म्हणजे हे बांधकाम चालू असलेलं घर आहे. राहायला जायचं तर वाळू-सिमेंटची तयारी ठेवूनच.

ले मान्स अल्टिमेट नेदरलँड्सच्या स्टुडिओ 397 चा. हा वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपचा, म्हणजे तासन्तास चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेचा, अधिकृत गेम; फ्रान्समधली ले मान्सची शर्यत त्यातलीच. 20 फेब्रुवारी 2024 ला अर्ली ॲक्सेस, 22 जुलै 2025 ला पूर्ण आवृत्ती. आतलं यंत्र याच स्टुडिओकडे असलेल्या आरफॅक्टर 2 या जुन्या गेमवर बेतलेलं आहे. त्यामुळे मेनू आणि रस्त्याकडेची झाडं बघून कोणी हरखून जाणार नाही, पण टायर कसा वागतो हे त्या घराण्याला फार आधीपासून कळतं.

हातात धरल्यावर

माझा सेटअप साधा आहे. आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, 1080पी मॉनिटर आणि पुण्याहून एका मित्राने हुतात्मा एक्सप्रेसने आणून दिलेलं वापरलेलं लॉजिटेक जी29, जेवणाच्या टेबलाला क्लॅम्प केलेलं. याहून भारी डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर थेट चाकाला जोडलेलं, व्हील असेल तर खालचं सगळं तुम्हाला आणखी ठळक जाणवेल.

इव्होत मी सुरुवात केली ह्युंदाई आय30 एन या साध्या हॅचबॅकने, इंग्लंडच्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर. तिथलं पहिलंच वळण, पॅडॉक हिल, उजवीकडचं आहे आणि वळता वळता रस्ता एकदम खाली कोसळतो. चढावरून येताना वळणाचा शेवट दिसत नाही. ब्रेक सोडून चाक वळवलं की गाडी आधी डाव्या बाजूच्या टायरवर झुकते आणि उतार सुरू होताच क्षणभर हलकी होते. पोटात गोळा येतो म्हणतात तो इथे खुर्चीत बसल्या बसल्या येतो, आणि तो डोळ्यांमुळे नाही, हातांमुळे. चाकातला ताण सैल पडतो, मग उताराच्या तळाशी गाडी दबली की परत भरून येतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असल्याने घाईने ॲक्सिलरेटर दिला की नाक बाहेर जातं; चाक आणखी वळवून काही उपयोग होत नाही, पाय उचलावाच लागतो. हे कोणी शिकवावं लागत नाही. दोन-चार फेऱ्यांत पायालाच कळतं.

मग मागच्या चाकांवर चालणारी 540 हॉर्सपॉवरची अल्फा रोमिओ जुलिया जीटीएएम घ्या. सगळं उलटं होतं. तिथे घाई केली तर नाक नाही, शेपूट निसटते. ती निसटायच्या आधी चाकातून एक बारीकशी सूचना येते, जी29 सारख्या गिअरवाल्या व्हीलमध्येसुद्धा. इव्होची खरी कमाई ही आहे. प्रत्येक गाडीचा स्वभाव वेगळा, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या रस्त्यावर धावणाऱ्या. कुठली शर्यत नाही, कोणी मागे लागलेलं नाही, तरी तासभर कसा गेला कळत नाही. जर्मनीतला 20.8 किलोमीटरचा नॉर्डश्लाइफ ट्रॅकही लेझर स्कॅन करून त्यात आलाय. तो पाठ करायला बसलात तर वर्षाची सोय झाली.

ले मान्समध्ये पहिली फेरी याच्या बरोबर उलटी. पिटमधून बाहेर पडलात की टायर थंड. खऱ्या चॅम्पियनशिपमध्ये 2023 पासून टायर आधी गरम करून लावायला बंदी आहे आणि गेम तो नियम प्रामाणिकपणे पाळतो. हायपरकार, म्हणजे यातल्या सर्वात वेगवान वर्गातली गाडी, घेऊन नेहमीच्या वेगाने पहिल्या वळणात घुसलात की थेट वाळूत. एक-दोन फेऱ्या गाडीला गोंजारत न्यायची, मग टायर पकडायला लागतात आणि त्यानंतर ती जी चिकटते त्याला तोड नाही. वेग जास्त तितका हवेचा दाब जास्त, म्हणून वेगवान वळणात धीर धरून पाय तसाच ठेवला तर गाडी वळते आणि भीतीने उचलला तर घसरते. हे डोक्याला पटायला वेळ लागतो.

त्यात हायपरकारला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. ले मान्सच्या लांब सरळ रस्त्यावर 300 च्या वर वेग असताना पहिल्या शिकेनसाठी, म्हणजे वेग तोडायला घातलेल्या नागमोडी वळणासाठी, ब्रेक मारायचा. आधी जोरात, मग वेग उतरेल तसा पाय हळूहळू वर. जरा जास्त दाबून ठेवलात की पुढचं चाक लॉक, धूर, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांत चाकात थरथर. इथे जी29 च्या मर्यादा उघड्या पडतात. त्याचा ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजतो, किती जोर लावला ते नाही. लोड सेलवाला, म्हणजे जोर मोजणारा, पेडल असेल तर हा गेम निम्मा सोपा होतो. नसेल तर एलएमजीटी3 या जीटी वर्गातल्या गाड्यांपासून सुरुवात करा, त्यांना एबीएस असतो. फक्त या गेममध्ये काही गाड्या आणि ट्रॅक वेगळ्या पॅकमध्ये विकतात, तेव्हा मूळ किमतीत नेमकं काय पदरात पडतंय ते स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या पानावर नीट वाचा. सगळे पॅक घेतले तर हा गेम इव्होपेक्षा महाग पडतो.

शर्यत म्हणाल तर

इथे बरोबरीच नाही. ले मान्सचा जीवच मुळी ट्रॅफिकमध्ये आहे. एकाच ट्रॅकवर वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या. हायपरकार ले मान्स ट्रॅकच्या ज्या 13.6 किलोमीटरच्या फेरीला साधारण साडेतीन मिनिटं घेते, तिला जीटी गाडीला चारच्या आसपास लागतात. म्हणजे तुम्ही एक तर सतत कोणाला तरी गाठताय, नाही तर कोणी तरी तुम्हाला गाठतंय. रात्री आरशात मागच्याचे दिवे फुगत येतात, डोळे दिपतात. आपल्या सात रस्त्याला मागून हॉर्न आला की जो तो मिळेल तिकडे सरकतो, ती सवय इथे घातक. हळू गाडीने आपली लाइन सोडायची नाही. वाट मागच्याने काढायची. तुम्ही भल्या मनाने बाजूला झालात आणि तोही त्याच बाजूने निघाला होता, तर दोघंही भिंतीत.

ऑनलाइन शर्यती ठरलेल्या वेळेला सुटतात. सराव, मग पात्रता फेरी, मग शर्यत. तुमचा वेग आणि तुम्ही किती स्वच्छ चालवता याचं रेटिंग वेगवेगळं राहतं, त्यामुळे हळूहळू आपल्या तोडीची माणसं भेटायला लागतात. आपला भारतीय रेसिंग ड्रायव्हर करुण चंडोक 2012 मध्ये खऱ्या ले मान्समध्ये उतरला आणि त्याची गाडी सहावी आली, हे मला आधी नुसतं वाचून माहीत होतं. रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये स्वतः अर्धा तास काढल्यावर त्या सहाव्या नंबरबद्दलचा आदर भलताच वाढला.

इव्होच्या ऑनलाइनबद्दल अजून तसं म्हणवत नाही. सोय आहे, पण लोक अजून त्याभोवती जमलेले वाटत नाहीत. कुनोसच्याच घराण्यात शर्यत खेळायची असेल तर जुना कॉम्पेटिझिओने अजूनही उत्तम आहे आणि स्टीमच्या सेलमध्ये तो चहा-पोह्यांच्या खर्चात मिळून जातो.

आता सोलापूरच्या गोष्टी

यूट्यूबवरचे परीक्षक हे सांगत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर.

पहिलं, वेळ. ऑनलाइन गर्दी युरोपच्या संध्याकाळी असते. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. सकाळी लवकर उठायचं असेल, किंवा घरी चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी पहाटे भरायचं काम तुमच्याकडे असेल, तर ले मान्समधल्या चांगल्या शर्यती तुम्हाला शनिवारीच मिळणार. इव्हो दुपारी तीनलाही तितकाच मजा देतो.

दुसरं, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. युरोपच्या सर्व्हरला फायबरवरूनही दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास धरून चला. शर्यत खेळता येते, पण समोरची गाडी दिसते तिथे नेमकी नसते. शेवटच्या क्षणी आत घुसायचा मोह आवरा. वायफाय नको, राउटरपासून थेट लॅन केबल टाका.

तिसरं, वीज. एकट्याने खेळताना वीज गेली तर फार तर एक फेरी जाते. ऑनलाइन गेली तर शर्यतच गेली. घरात इन्व्हर्टर असला तरी त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडवर अदलाबदलीला जो क्षणभर लागतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. शिवाय व्हीलचा अडॅप्टर वेगळा असतो, तो आणि राउटर दोन्ही बॅकअपच्याच बोर्डला लावा. पीसी चालू, चाक मेलेलं, आणि गाडी 280 ने भिंतीकडे, हा अनुभव कोणाला घ्यायला सांगणार नाही.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, खोली तापलेली, त्यात ग्राफिक्स कार्ड हीटरचं काम करतं. इव्होचं इंजिन नवं आणि जड आहे, ते कार्डाला घाम फोडतं. ले मान्सचा ताण, विशेषतः गाड्यांनी भरलेला ट्रॅक, रात्र आणि पाऊस एकत्र आले की, प्रोसेसरवरही पडतो. दोन्हींत फ्रेम्स 60 वर बांधून टाका आणि कॅबिनेटची बाजू भिंतीला चिकटवू नका. सावल्या आणि आरशांची गुणवत्ता एकेक पायरी खाली आणली तर चालवण्यात काही फरक पडत नाही.

व्हील नसेल, फक्त कंट्रोलर असेल, तर दोन्हींच्या नादाला लागू नका. दोन्ही कंट्रोलरवर चालतात, पण चालतात एवढंच. प्लेस्टेशन 5 असलेल्यांनी ग्रॅन टुरिस्मो 7 घ्यावा, तो कंट्रोलरवरही गोड लागतो.

माझा मामेभाऊ हे सगळं ऐकून म्हणाला, "दादा, एवढे पैसे घालून गाडीच तर चालवायची ना? मग अक्कलकोट रोडला जा की बे!" त्याला जी29 समोर बसवलं, हातात इव्होची आय30 दिली. तासाभराने जेवायला हाक मारली तर उठेना. मग ले मान्स लावून दिला, तिथे मागून दिवे आले की वैतागायचा, "हे कशाला मध्ये मध्ये?" म्हणायचा. त्याचं उत्तर त्याला मिळालं. माझं उलटं आहे. रिकाम्या ट्रॅकवर मला थोड्या वेळाने कंटाळा येतो, कोणी तरी पुढे दिसायला हवं. म्हणून माझ्या पीसीवर आता ले मान्स जास्त चालतो, आणि इव्होला मी दर मोठ्या अपडेटनंतर आठवडाभर देतो.

तुमचं काय ते ठरवायला एक सोपी युक्ती आहे. स्टीमवर गेम घेऊन 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाला असेल तर पैसे परत मागता येतात. गेम नुसता उघडून ठेवला तरी तो वेळ मोजला जातो, म्हणून व्हीलची फिरकी 900 अंशांवर ठेवणं, ड्रायव्हर टाकणं ही कामं आधी उरका. इव्हो घेतलात तर ब्रँड्स हॅचवर एकट्याने अर्धा तास आय30 आणि अर्धा तास जुलिया चालवा. ले मान्स घेतलात तर सरळ ले मान्सच्या ट्रॅकवर जाऊ नका, तिथे एक चूक केली की तेच वळण परत यायला चार मिनिटं जातात. साडेचार किलोमीटरचा फुजी घ्या, जीटी गाडीत बसा, कॉम्प्युटर चालवत असलेल्या हायपरकार मागून सोडा आणि त्या अंगावरून जाऊ द्या. घड्याळ दीड तासावर आलं की थांबा. परत बसायची ओढ लागली नसेल तर रिफंड मागून टाका. पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये किंवा ज्या मार्गाने भरले तिथे परत येतात, आणि त्यात दुसरा गेम येतो.