बांधावर पाटी की तारेचं कुंपण?

'खाजगी जागा, प्रवेश बंद' ही पाटी स्वस्तात होते. पण नुसतं आत येणं म्हणजे गुन्हा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार आत येणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा असावा लागतो. शिक्षा 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाटी वाचूनही माणूस आत शिरला, तर हेतू दाखवायला ती थोडी मदत करते, इतकंच.

कुंपण जनावरं अडवतं, पाटी अडवत नाही. (रानडुकराला वाचता येत नाही.) पण खर्च मोठा आणि भानगडीही. आधी सरकारी मोजणी करून घ्या, नाहीतर शेजाऱ्याशी बांधावरून जुंपलीच म्हणून समजा. वहिवाटीची वाट तारेनं बंद केलीत, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार ती खुली करायला लावू शकतात.

तारेत घरची लाईन सोडणं तर सोडाच. सौर झटका मशीन क्षणभराचा झटका देतं. पण घरच्या लाईनच्या प्रवाहानं माणूस मेला, तर मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो, मग मेलेला चोर का असेना.

विहिरीपाशी पाटी मला अजिबात पुरेशी वाटत नाही. लहान पोर वाचत नाही. तिथे कठडाच हवा. बंद पडलेल्या बोअरचं तोंड बुजवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच बजावलं आहे.

माझ्या मते रस्त्याकडेला कुंपण, बाकी बांधांना पाटी.